स्टेशनासमोरची मोकळी जागा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर भुसावळच्या मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय शिकविले, आणि हे दोन्ही विषय वस्तुतः एकच आहेत असे ते वर्गात आवर्जून सांगत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. त्यांच्या या मताला धरूनच आजचा विषय मी निवडला. राजांच्या बखरी असतात, संस्थांचे अहवाल असतात, नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते असतात, घरोघरी जुन्या दस्तऐवजांची दप्तरे असतात. परंतु ज्या जागेवर कोणा एकाचे नाव लागलेले नाही, जिचे भाडे कोणी देत नाही, जेथे दिवसाकाठी हजारो माणसे येतात, घटकाभर उभी राहतात आणि आपल्या वाटेने निघून जातात, त्या चौकाचे दप्तर कोणी ठेवीत नाही. गावाचे सार्वजनिक जीवन ज्या भूमीवर घडते तीच भूमी इतिहासाच्या हिशेबात निनावी राहावी, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे.

भुसावळास किल्ला नाही, नदीवर बांधीव घाट असलेले जुने तीर्थक्षेत्र नाही, कोणा सरदाराचा वाडा नाही, की त्या वाड्यापुढे हत्ती झुलावेत असे पटांगण नाही. आपल्याकडील बहुतेक जुन्या शहरांचे चौक हे कोणाच्या तरी दारापुढचे चौक होत. तेथे उभे राहणारा माणूस त्या दाराच्या मर्जीने उभा राहत असे. आपल्या गावचा मुख्य चौक मात्र रेल्वे स्टेशनासमोरचा. त्याच्या एका अंगास स्टेशनाची इमारत, लगतच एस. टी.चे स्थानक, जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा, आणि तेथून बाजारपेठेकडे, जामनेरकडे, यावलकडे जाणाऱ्या वाटा. या जागेला रेखीव सीमा नाही, चारी बाजूंनी सारख्या उंचीच्या इमारती नाहीत, आणि चित्रकाराने बैठक मांडून रंगवावे असे येथे काही नाही, हे मी मान्य करतो. तरीही खानदेशात सार्वजनिक म्हणावी अशी जागा कशी उत्पन्न झाली, हे समजून घ्यावयाचे असेल तर याच ठिकाणी उभे राहिले पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, चौकाची खरी कसोटी त्याच्या लांबीरुंदीत किंवा शोभेत नाही. तेथे काही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता आणि आपली जात वा पत न सांगता माणसास किती वेळ उभे राहता येते, यात ती आहे.

रेल्वेपूर्वी आपल्या गावांतून एकत्र जमण्याची जागा होती ती चावडीची आणि पाराची. चावडीविषयी आपल्या लेखकांनी पुष्कळ जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि तो जिव्हाळा खोटा नाही. पिकाचा अंदाज, वसुलाची हप्तेबंदी, बांधाचे तंटे, परगावच्या बातम्या हे सारे तेथेच निघे आणि पुष्कळदा तेथेच मिटे. पण चावडीवर प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असे. पाटील-कुलकर्ण्यांनी कोठे बसावे, अलुत्या-बलुत्यांनी कोणत्या पायरीवर टेकावे, आणि गावकीची सारी राबणूक ज्यांच्या शिरावर त्या महारांनी किती अंतरावर उभे राहून जोहार घालावा, याचा शिरस्ता वहिवाटीने इतका पक्का केलेला होता की तो कोणी उच्चारून सांगण्याची आवश्यकताच पडत नसे. चावडी गावाची होती हे खरे; परंतु गाव म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या पायऱ्यांवरच लिहिलेले होते.

खानदेशात मोठी रहदारी नव्हती असे मात्र नाही. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबारहून पुढे थाळनेर, चोपडे असा तापीच्या उत्तर तीराच्या अंगाने जाई, आणि ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तांतात याच मार्गावरील मुक्काम नोंदविले आहेत. फारुकी सुलतानांचे आणि १६०१ साली असीरगड पडल्यानंतर मोगलांचे बुऱ्हाणपूर ही या प्रांताची राजधानी. सारा ओघ तिकडे. तापीच्या दक्षिणेस असलेल्या आपल्या गावाचे नाव त्या मार्गावर कोठे येत नाही. पुढे १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे ठरविले, बुऱ्हाणपुराहून व इतर ठिकाणांहून व्यापारी आणि कारागीर यांना जागा देऊन पाचारण केले, आणि नव्या पेठेची आखणी सरळ रस्त्यांनी केली. धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगतात. पाचकंदिलाच्या परिसरातील बाजार, आग्रा रोडवरील वर्दळ ही त्या शहराची नाडी होय. पण धुळ्याची ती पेठ सरकारच्या हुकुमाने आणि व्यापाराच्या सोयीसाठी आखलेली. तिच्यात दुकानदाराचा विचार प्रथम, आणि बिनकामाने उभ्या राहणाऱ्याचा विचार शेवटी.

भुसावळ घडले ते वेगळ्या कारणाने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ खानदेशच्या काळ्या जमिनीवरून धावू लागले. सह्याद्रीचा थळ घाट १८६५ च्या आरंभी रहदारीस खुला झाला. हा काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. तिकडचा कापूस थांबल्यामुळे इंग्लंडातील गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी हपापलेल्या होत्या, आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांच्या तांड्यांतून काढून वाघिणींत भरणे हा त्या काळातला सर्वांत निकडीचा व्यवहार होऊन बसला होता. मुंबईहून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा येणारा मार्ग भुसावळास येऊन दुभंगतो, तो भूगोलामुळे. पूर्वेस चांगदेवापाशी पूर्णा तापीला मिळते. पूर्णेच्या खोऱ्याने जावे तर अकोला, बडनेरा, नागपूर. आणि तापी ओलांडून सातपुड्याच्या खिंडीकडे वळावे तर बुऱ्हाणपूर, खांडवा, जबलपूर. नागपूरचा मार्ग १८६७ साली पुरा झाला, आणि मार्च १८७० मध्ये जबलपुरास दोन कंपन्यांचे रूळ जोडले जाऊन मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग अखंड झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडचा मार्गही जळगावास येऊन मिळाला. ज्या सुरतेच्या व्यापाराने तीनशे वर्षांपूर्वी आपल्या गावाकडे पाठ केली होती, तोच व्यापार अशा रीतीने या फाट्यावर येऊन उभा राहिला.

आणि फाटा म्हटला की थांबणे आले. येथे इंजिने बदलत, त्यांना कोळसा-पाणी होई, गार्ड आणि ड्रायव्हर यांच्या पाळ्या बदलत, डबे काढून दुसऱ्या गाडीस जोडले जात. नागपूरकडचा उतारू जबलपूरच्या गाडीसाठी, आणि वऱ्हाडातला उतारू इकडच्या गाडीसाठी तासन् तास खोळंबून राही. हा खोळंबलेला माणूसच आपल्या चौकाचा आद्य निर्माता होय असे मी समजतो. त्याला चहा पाहिजे, भाकरी पाहिजे, रात्रीपुरती पाठ टेकायला जागा पाहिजे, पत्र लिहून देणारा पाहिजे, हरवलेल्या बोचक्याची चौकशी करणारा पाहिजे. त्याच्या गरजांभोवती टांगेवाले, हमाल, खाणावळवाले, फळवाले, न्हावी, मोची जमले आणि स्टेशनाबाहेरची ती उजाड जमीन वसती झाली. धुळ्याची पेठ नकाशावर आधी उमटली आणि मग माणसांनी भरली. आपल्या चौकात माणसे आधी आली, आणि त्याचा नकाशा अद्यापही कोणी नीट काढलेला नाही.

नकाशाची गोष्ट निघालीच आहे तर तिच्यापाशी थोडे थांबतो. भुसावळात जमिनीचे दोन धनी आहेत. एक रेल्वे आणि एक नगरपालिका. रेल्वेच्या हद्दीत पंधरा बंगला, आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, लिंपस क्लब, कारखाने, इस्पितळ, शाळा, अशी एक संपूर्ण वसाहत. तिचे रस्ते वेगळ्या खात्याचे, तिचे दिवे वेगळ्या खात्याचे, तिचे पाणी वेगळ्या खात्याचे. इकडे नगरपालिकेचे गाव, त्याच्या पेठा, त्याचे आळीवार तंटे आणि त्याचे निवडून आलेले सभासद. या दोन अमलांची शीव नेमकी स्टेशनासमोरच्या मोकळ्या जागेतून जाते. स्टेशनाच्या आवारात चोरी झाली तर फिर्याद लोहमार्ग पोलिसांकडे. चार पावले बाहेर झाली तर शहर पोलिसांकडे. आणि ज्याचा खिसा कापला गेला तो बिचारा परगावचा माणूस आपण नेमके कोठे उभे होतो हे जमादाराला पटवून देता देता आपली गाडी चुकवून बसतो. केरकचऱ्याचे तेच, गटाराचे तेच, दिव्याच्या खांबाचेही तेच. दुहेरी मालकीचा हा तोटा सर्वांना ठाऊक आहे. तिचा एक लाभही झाला आहे, तो मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. दोन्ही खात्यांपैकी एकालाही ही जागा सर्वस्वी आपली म्हणता आली नाही, म्हणून ती पुष्कळ काळ बांधली गेली नाही; आणि बांधली गेली नाही म्हणून लोकांची राहिली.

रेल्वेने जुने भेद मोडले, असे एक वचन आपल्या शालेय इतिहासात नेहमी आढळते. ते अर्धेच खरे आहे. एकाच खिडकीपुढे, एकाच रांगेत, एकाच छापील किमतीला ब्राह्मणाने आणि मांगाने तिकीट काढावे ही गोष्ट या प्रांतात अभूतपूर्व होती, यात शंका नाही. डब्यांचे वर्ग असत, पण ते पैशाचे, आणि पैशाची भिंत जन्माच्या भिंतीइतकी अभेद्य नसते. तथापि ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील कितीतरी स्थानकांवर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे पाणी निराळे मिळत असे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कंपनीचा कायदा फलाटापुरता. फलाट ओलांडून माणूस बाहेरच्या चौकात आला की त्याच्यावर पुन्हा गावाचा कायदा चाले.

तो कसा चाले, याचे सर्वांत दारुण उदाहरण येथून काही तासांच्या अंतरावर, चाळीसगावास घडलेले आहे. १९२९ सालचा ऑक्टोबर महिना. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे एक सभासद म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी स्पृश्यांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगावास परतले, तेव्हा तेथील महारवाड्यातील मंडळी त्यांना रात्रीच्या मुक्कामास नेण्यासाठी हार घेऊन स्टेशनावर उभी होती. महारवाडा दोनेक मैलांवर. स्टेशनासमोर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते. तरीही तासभर कोणी हलेना, आणि आपल्याला कशासाठी थांबवून ठेवले आहे हे डॉ. आंबेडकरांना कळेना. अखेर एक टांगा आला, ते त्यात बसले, आणि बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरचा पूल लागला. त्यास कठडा नव्हता, ठरावीक अंतरावर बसविलेले दगड तेवढे होते. पहिल्याच दगडाशी घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, आणि डॉ. आंबेडकर फरसबंदीवर फेकले गेले. घोडा व टांगा नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले, आणखीही दुखापती झाल्या.

झालेला प्रकार त्यांना मागाहून समजला. स्टेशनावरच्या टांगेवाल्यांपैकी एकही जण महारवाड्याकडे टांगा हाकण्यास तयार नव्हता. तसे करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. आपला पाहुणा पायी चालत यावा हे महारवाड्याच्या स्वाभिमानास रुचेना. म्हणून तडजोड निघाली ती अशी की, मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा मात्र महारांनी आपला आणावा. भाडे स्वीकारण्यास विटाळ नव्हता. आणि ज्याने लगाम हाती घेतला त्याने तो जन्मात कधी धरलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींच्या टिपणांत लिहिला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या, सरकारी समितीवर बसलेल्या माणसापेक्षाही अंगमेहनतीचे हलके काम करणारा टांगेवाला स्वतःला जन्मतःच श्रेष्ठ मानू शकतो, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. मी हा प्रसंग विस्ताराने सांगितला, कारण तो स्टेशनासमोरच्या चौकाचा प्रसंग आहे. तेथे जागा मोकळी होती, वाहने उभी होती, दर ठरलेले होते, उतारूच्या खिशात पैसे होते. सार्वजनिकपणाची सर्व बाह्य अंगे सिद्ध होती, आणि तरीही तो चौक सार्वजनिक नव्हता. आज आपल्या स्टेशनाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे आणि १४ एप्रिलला तेथे पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीकडे मी केवळ जयंतीचा उत्सव म्हणून पाहू शकत नाही. टांग्यात बसण्याचा जो हक्क एका संध्याकाळी नाकारला गेला, त्याची वसुली तेथे दरवर्षी चाललेली असते.

चौक सार्वजनिक होतो तो माणसांनी तो वापरल्याने, आणि प्रसंगी त्याचे मोल चुकविल्याने. खानदेशात हे मोल सर्वांत कोवळ्या वयात चुकविले ते नंदुरबारच्या मुलांनी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. शिरीषकुमारास सोळावे वर्ष चालू होते. नंदुरबारच्या माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे. बाजाराच्या ऐन गर्दीत, भाजीवाल्यांच्या हाकांमध्ये ते उभे आहे, आणि ते तेथेच असणे मला योग्य वाटते, कारण ती मुले ज्या रस्त्यांवर रोज खेळत आणि शाळेस जात, त्याच रस्त्यांवर ती निःशस्त्र चालली होती. मुंबईस फ्लोरा फाउंटनपाशी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि त्या चौकास पुढे हुतात्म्यांचे नाव मिळाले, हे आपण सर्व जाणतो. नंदुरबारचे नाव मात्र तितक्या लवकर ओठांवर येत नाही.

भुसावळच्या वाट्यास असा एखादा रक्तलांछित दिवस आलेला नाही. त्याच्या वाट्यास आले ते येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट करून देणे. डिसेंबर १९३६ मध्ये तापीपलीकडे फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले; खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, आणि राबणारे हात धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी व पंचक्रोशीतील शेतकरी यांचे. देशभरच्या लोकांना त्या खेड्याजवळ आणून सोडले ते याच लोहमार्गाने. रेल्वे कामगारांच्या चळवळीचे तर हे गाव माहेरच. १९३० साली जी. आय. पी. रेल्वेवर संप झाला; पुढे ८ मे १९७४ पासून वीस दिवस देशातील रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा ज्या गावात घरटी एक माणूस रेल्वेत, तेथे संप ही वर्तमानपत्रातली बातमी राहूच शकत नव्हती. चुलीवर काय शिजेल आणि क्वार्टर राहील की जाईल, या प्रश्नांची कुजबुज ज्या ठिकाणी उघड चर्चा होते, ते ठिकाण म्हणजे चौक.

परंतु संप आणि अधिवेशने ही वर्षानुवर्षांनी येणारी पर्वे. चौकाचे खरे आयुष्य रोजच्या दिवसात असते, आणि आपल्या चौकाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात. दोऱ्या तोडून पुरवण्या आत सरकविण्याचे काम पोरे जमिनीवर फतकल मारून करीत असतात, तेव्हा चहाच्या गाड्यांवर पहिले आधण उकळत असते. अपडाऊनवाले, म्हणजे जळगावास नोकरीला जाणारे शिक्षक, कारकून, परिचारिका, विद्यार्थी, घड्याळाकडे पाहत पुलाच्या पायऱ्या चढतात. उजाडता उजाडता रोजंदारीवर जाणारी माणसे जमू लागतात: गवंड्याच्या हाताखालची, माल भरणारी, शेतावर निंदणी-कापणीला जाणारी. मुकादम येतो, दोन बोटे वर करतो, भाव बोलला जातो, तो पटला तर माणसे टेम्पोत चढतात आणि नाही पटला तर जागचे हलत नाहीत. हे न हलणे नीट पाहण्यासारखे असते. बायका पदर खोचून, डब्याची पिशवी पायाशी ठेवून उभ्या असतात. एकीने मान हलविली की बाकीच्या तिच्याकडे पाहतात, आणि मग मुकादमच दहा-वीस रुपये वर चढतो. कोणताही लेखी करार नाही, युनियन नाही. पण उघड्यावर, एकमेकींच्या देखत उभे राहता येते म्हणून ती घासाघीस होऊ शकते. हीच बोलणी एकेकीच्या दाराशी झाली असती तर भाव वेगळा ठरला असता.

दिवस वर येतो तशी बोली बदलत जाते. यावल-रावेरकडून आलेल्या माणसाची लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडच्याची अहिराणी, मलकापूरच्या पुढच्याची वऱ्हाडी, बुऱ्हाणपूरकडच्याची हिंदी, बाजारातील उर्दू, गुजराती, सिंधी, आणि रेल्वेच्या नोकरीने येथे येऊन रुजलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांची तमिळ-तेलुगू, या सर्व भाषा एका रिक्षाच्या भाड्यावरून भांडताना मी ऐकल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी शहरातल्या डॉक्टराचा पत्ता विचारतात. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेकरूंची बोचकी दिसू लागतात; आषाढात पंढरीच्या गाड्यांसाठी टाळकरी रात्रभर फरशीवर बसून राहतात, आणि त्यांच्या अभंगाला शेजारच्या रिक्षावाल्याचे रेडिओवरचे गाणे आड येत नाही.

या सर्वांहून कठीण परीक्षा उन्हाळ्याची. भुसावळचा मे महिना येथे कोणास समजावून सांगावा लागत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी बारा ते पाच हा चौक ओस पडतो, आणि ज्याला दुसरी गत नाही तोच तेथे दिसतो. अशा वेळी जी पाणपोई कोणी तरी चालविते, तिच्यापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. कडुनिंबाखाली वाळूवर मांडलेले दोन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले गोणपाट, लाकडी झाकणावर साखळीने बांधलेला स्टीलचा पेला, आणि पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे. एक वृद्ध बाई रांजण भरते आणि येणाऱ्यासाठी पेल्यात ओतते. उतारू, हमाल, भिकारी, पोलीस शिपाई, बुरखा घेतलेली स्त्री, डोक्यावर टोपी असलेला शेतकरी, सर्वांना एकच पेला. ज्या स्थानकांवर एके काळी पाण्यालाही धर्म होता, त्यांच्या देशात ही गोष्ट मला अल्प वाटत नाही. अशा उपकारांवर कोणाची पाटी नसली तरी चालेल, पण कडुनिंब मात्र हवा, आणि रांजण ठेवण्याइतकी जागा हवी.

तीच जागा आज कमी होत चालली आहे. तिच्यावर कोणी एकाने आक्रमण केले असते तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता आली असती. पण ती हिरावली जात आहे ती कणाकणाने आणि प्रत्येक वेळी काही तरी चांगल्या कारणाने. मोटारी उभ्या करण्यासाठी एक पट्टा, रिक्षांसाठी एक पट्टा, सुशोभनासाठी कुंपण घातलेला हिरवळीचा एक तुकडा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक रोवण्यासाठी एक कोपरा. आणि उरलेल्यातून वेगाने निघून जाण्यासाठी रुंद केलेला रस्ता. वाहनांची सोय मला अमान्य नाही. परंतु पायी आलेला, काही विकत न घेणारा आणि ताबडतोब कोठे न जाणारा माणूस या कोणत्याही आराखड्यात मोजलेला नसतो. ज्या बाया मुकादमाशी भाव करतात त्यांना उद्या कुंपणाच्या कडेने वाहनांच्या मध्ये उभे राहावे लागले, तर शिपाई त्यांना हाकलील, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल.

इटलीतील सिएना या नगराने आपल्या मुख्य चौकासमोरील घरांच्या खिडक्या कोणत्या धर्तीच्या असाव्यात याचा ठराव १२९७ साली केला होता. खिडकीसारख्या गोष्टीत नगरसभेने लक्ष घालावे इतका तो चौक तिला आपला वाटत होता, आणि आजही तो तेथे अभंग आहे. भुसावळास तशा देखण्या चौकाची हाव धरावी असे मी म्हणत नाही. ठराव करण्याची ती वृत्ती मात्र आपल्याला परवडण्यासारखी आहे. आपल्या अडचणीचे मूळ दोन हद्दींत आहे, तेव्हा उपायही तेथूनच सुरू झाला पाहिजे. रेल्वेचे भूमापक आणि नगर भूमापन खात्याचे मोजणीदार यांनी एकत्र येऊन स्टेशनासमोरच्या जागेची संयुक्त मोजणी करावी. दोन्हीकडच्या नकाशांवर तिची नोंद पादचाऱ्यांसाठी राखीव मोकळी जागा अशी व्हावी. तिच्यात असलेली झाडे क्रमांक घालून नोंदली जावीत आणि जेथे सावली नाही तेथे कडुनिंब लावावेत. रोजंदारीवाल्यांच्या सकाळच्या उभे राहण्यास वहिवाटीचा हक्क म्हणून मान्यता मिळावी आणि त्यांच्यासाठी छप्पर व स्वच्छतागृह बांधावे. आणि पुढे त्या जागेतून एक फूट जरी दुसऱ्या कामासाठी घ्यावयाची झाली, तरी तसा ठराव नगरपालिकेच्या उघड्या सभेत आणि लोकांना आगाऊ कळवून झाल्याखेरीज ती घेता येऊ नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाही. मोजणीसाठी अर्ज मात्र कोणी तरी करावा लागेल. ज्यांनी नागरिकशास्त्र शिकविण्यात हयात घालविली त्यांचे इतके विद्यार्थी आज या सभागृहात बसलेले आहेत; तेव्हा त्या अर्जाचा मसुदा सभा संपल्यावर येथेच व्हावा आणि त्याच्या दोन प्रती, एक मुख्याधिकाऱ्यांकडे व एक मंडल रेल्वे व्यवस्थापकांकडे, या आठवड्यातच रवाना व्हाव्यात, अशी माझी आपणा सर्वांस विनंती आहे. मसुदा लिहिण्यास मी थांबणार आहे.